केअरवेंटचा कॉर्डाइट कारखाना नकाशावर वाचताना: माझा अनुभव

वेल्सच्या आग्नेय कोपऱ्यात, मोनमथशर परगण्यात केअरवेंट नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या उत्तरेला सुमारे १५०० एकरांचा कुंपण घातलेला पट्टा लागतो. आज तिथे ब्रिटिश सैन्याचे सराव चालतात. १९३९ साली हीच जमीन ब्रिटिश नौदलाने ताब्यात घेतली ती कॉर्डाइट, म्हणजे तोफेचा गोळा ढकलणारी दारू, तयार करायला. कारखाना १९६७ ला थांबला आणि तेव्हापासून १९९३ पर्यंत तिथे अमेरिकन सैन्याचा दारूगोळा ठेवलेला होता. एकाच जमिनीवर असे तीन थर बसलेत. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही आणि परवानगीशिवाय कुणी जाऊही नये. त्यामुळे हे थर मी सोडवले ते नकाशे, हवाई छायाचित्रं आणि कागद यांवरून. ज्यांना अशा एखाद्या जागेचा माग काढायचा असेल, त्यांच्यासाठी ही सगळी रीत आणि ती कुठे फसते ते लिहितो आहे.

पहिली अडचण नावांची. ब्रिटनमध्ये सरकारी दारूगोळा कारखाना म्हटलं की सगळे 'रॉयल ऑर्डनन्स फॅक्टरी'च्या याद्या उघडतात. ते कारखाने पुरवठा मंत्रालयाकडे होते. केअरवेंट मात्र नौदलाचा, म्हणजे ॲडमिरल्टीचा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पुरवठा मंत्रालयाचे कागद 'एसयूपीपी' या वर्गात आणि ॲडमिरल्टीचे 'एडीएम' वर्गात असतात. चुकीच्या वर्गात महिनाभर शोधलं तरी हाती काही लागणार नाही. अमेरिकन काळात याच जागेला 'आरएएफ केअरवेंट' म्हणत, तेव्हा विमानतळांच्या सूचीत शोधण्याचा मोह होतो. तिथे धावपट्टी कधीच नव्हती. ब्रिटनमधल्या अनेक अमेरिकन तळांना हवाई दलाचं नाव कागदोपत्री दिलेलं असे, एवढंच.

नौदलाला स्वतःचा वेगळा कारखाना का हवा होता, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. लक्ष्यावर जाऊन फुटतं ते स्फोटक वेगळं आणि गोळ्याला नळीतून ढकलून बाहेर काढते ती दारू वेगळी. कॉर्डाइट ही दुसऱ्या प्रकारची: नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन एकजीव करून त्याच्या दोरीसारख्या कांड्या काढायच्या. कॉर्ड म्हणजे दोरी, त्यावरून नाव. ही दारू साठ्यात पडल्या पडल्या हळूहळू बिघडते. कच्च्या मालात अशुद्धी राहिली किंवा कोठीत उष्मा वाढला तर तो वेग वाढतो आणि शेवटी आपोआप पेट घेते. जमिनीवरच्या कोठारात हे झालं तर कोठार जातं, जहाजावर झालं तर जहाज जातं. ९ जुलै १९१७ च्या रात्री स्कॉटलंडच्या उत्तरेला, नौदलाच्या स्कापा फ्लो तळावर नांगरून उभी असलेली 'व्हॅनगार्ड' युद्धनौका दारूकोठीच्या स्फोटाने बुडाली, ८४३ माणसं गेली. शत्रू आसपासही नव्हता. अशा धोक्यामुळे नौदलाने शुद्धतेवर स्वतःचा डोळा ठेवला. १९२७ पासून नौदलाने जे 'एससी' कॉर्डाइट घेतलं त्यात कार्बामाइट हा दारू टिकवणारा घटक होता आणि ॲसिटोनसारखा द्रावक अजिबात नव्हता. 'एससी'मधला 'एस' म्हणजे 'सॉल्व्हंटलेस'.

या एका बदलाचा नकाशावर परिणाम दिसतो. जुन्या पद्धतीत कांड्यांमधला द्रावक उडवायला त्या आठवडेच्या आठवडे कोमट खोल्यांत वाळवाव्या लागत, शिवाय ॲसिटोन परत मिळवायचा वेगळा कारखाना लागे. एससीमध्ये लगदा वाळवून, गरम रोलरखाली पत्रे काढून, ते दाबयंत्रातून रेटतात. तेव्हा जुन्या कारखान्याचा आराखडा समोर ठेवून केअरवेंटच्या इमारती ओळखायला गेलं की कांड्या वाळवायच्या शेडच्या रांगा सापडत नाहीत आणि काहीतरी निसटलं असं वाटत राहतं. निसटलेलं काही नसतं. पद्धतच वेगळी.

नौदलाचा आधीचा कारखाना दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या होल्टन हीथला होता. १९३१ साली तिथे नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात १० माणसं मरण पावली. जर्मन विमानांच्या टप्प्यात असलेल्या या एकाच कारखान्यावर सगळं नौदल अवलंबून ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून दुसरा पश्चिमेला काढला. केअरवेंटजवळून साउथ वेल्सची मुख्य रेल्वे जाते. पण माझ्या मते खरं कारण पाणी. नायट्रोसेल्युलोज करताना कापसावर आम्लाची प्रक्रिया करतात, तिला नायट्रेशन म्हणतात; त्यानंतर तो पुन्हा पुन्हा उकळून धुवावा लागतो, आम्लाचा अंश राहता कामा नये. त्याला पाणी अफाट लागतं. जवळच सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा जातो. तो खणताना १८७९ साली 'ग्रेट स्प्रिंग' नावाचा झरा फुटला होता आणि सडब्रुकच्या पंपघरातून तेव्हापासून ते पाणी उपसून फेकलं जात होतं. रेल्वेची ती डोकेदुखी कारखान्याच्या कामी आली. इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटरच्या स्फोटकं कारखान्याला असा आयता झरा नव्हता, तर पाण्यासाठी हंट्स्पिल नावाची अख्खी नदी खणून काढावी लागली.

आता नकाशे. तीन लागतात: कारखान्याआधीचा, कारखाना चालू असतानाचा आणि आजचा. पहिला सहज मिळतो. १९०० च्या आसपासचे, मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जालावर फुकट ठेवलेत. त्यावर शेतांच्या बांधांसकट सगळं दिसतं, कुंपणात गेलेली डिनहमची वस्तीही. दुसऱ्याची पंचाईत होते. युद्धकाळात आणि नंतरही बरीच वर्षं अशा जागा छापील नकाशांवर दाखवत नसत. जागा कोरी सोडत किंवा जुनीच शेतं तशीच छापत. १९५० च्या दशकातल्या नकाशावर शेत दिसलं म्हणून तिथे तेव्हा शेत होतं असं धरू नये. हवाई दलाने १९४५ नंतर देशभर विमानातून सरळ खाली रोखून घेतलेली छायाचित्रं इथे कामी येतात. शक्यतो हिवाळ्यातलं घ्यावं: पानं झडलेली असतात आणि सूर्य खाली असल्याने मातीच्या बांधांच्या सावल्या लांब पडतात. उन्हाळ्यातल्या दुपारच्या चित्रात बांध आणि झुडूप सारखंच दिसतं. वेल्सच्या पुरातत्त्व आयोगाचा खुला माहितीसाठाही याच टप्प्यावर उघडावा. आधी नको, नाहीतर आपण फक्त लिहिलेलं तेच पाहत बसतो.

सहा इंची नकाशाचं प्रमाण १:१०,५६० आहे, म्हणजे १ सेंटिमीटरला साधारण १०६ मीटर. पंचवीस इंची म्हणतात त्याचं १:२५००, म्हणजे १ सेंटिमीटरला २५ मीटर. छापताना 'पानावर बसवा' हा पर्याय चालू राहिला की हे सगळं बिघडतं. मी पट्टी नेहमी नकाशावरच्या मोजमापाच्या रेषेला लावून पाहतो, मगच पुढे जातो.

मोजायचं काय, तर इमारतींमधलं अंतर. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांजवळ, घरांच्या वाऱ्याखाली नसावा असं बजावलंय. किल्ल्यावरचं दारूकोठारही वस्तीपासून बाजूला असतं. तोच नियम इथे १५०० एकरांवर पसरलेला आहे. एकीचा स्फोट दुसरीपर्यंत पोचू नये एवढं अंतर दोन इमारतींत ठेवायचं, आणि जागा कमी पडली तर मध्ये मातीचा बांध घालायचा. चारी बाजूंनी बांध आणि आत छोटं, हलक्या छपराचं घर दिसलं तर आतला माल झटक्यात उडणारा होता असं समजावं. छप्पर मुद्दाम हलकं ठेवत, धक्का वर निघून जावा म्हणून. बांधातून आत जाणारी वाट सरळ नसते. तिला वळण असतं किंवा समोर आडवा बांध, कारण सरळ वाटेतून स्फोटाचा झोत थेट शेजारच्या घरावर जाईल. नायट्रोग्लिसरीनची घरं साधारणपणे चढावर शोधावीत. ते पंपाने ढकलत नसत. उतारावरून, शिशाचं अस्तर लावलेल्या पन्हळीतून आपसूक वाहू देत. उलट, उंच, जाड भिंतींच्या, बांध नसलेल्या आणि एकमेकींना खेटून असलेल्या इमारती म्हणजे आम्ल, वाफ, वीज, दुरुस्ती.

या दोन भागांमध्ये माणसांनाही सीमा होती. धोक्याच्या भागात जाताना झडती होई. काडेपेटी, तंबाखू, बायकांच्या केसांतल्या पिनासुद्धा बाहेर. लोखंडी खिळ्याचे बूट चालत नसत. खडा आत जाऊ नये म्हणून उंबरठ्यापाशी आडवी फळी असे आणि ती ओलांडताना पायताण बदलायचं. आपल्या आयुध निर्माणींमध्ये 'डेंजर बिल्डिंग वर्कर' हे पद आजही आहे. ही सगळी शिस्त त्याच घराण्यातली. भंडाऱ्याला, खडकीला किंवा निलगिरीतल्या अरुवनकाडूला काम केलेल्या माणसाला असा आराखडा दाखवला तर तो बोट ठेवून सांगेल, झडतीची चौकी इथे असणार.

सगळ्यात मोठी फसगत जळक्या इमारतींची. छप्पर नाही, भिंती काळवंडलेल्या, म्हणजे अपघात किंवा बॉम्ब, असं चटकन वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. लाकडात, फरशीच्या भेगांत, गटारांच्या सांध्यांत स्फोटकाचा अंश मुरलेला असतो आणि अशी इमारत हातोड्याने पाडणं जिवावर बेततं. म्हणून कारखाना बंद करताना आतल्या वस्तू काढून इमारत मुद्दाम जाळायची, ही या धंद्यातली जुनी रीत. स्फोटात भिंती बाहेर फेकल्या जातात, विटा लांबवर विखुरतात. जाळलेल्या घराच्या भिंती जागेवर उभ्या असतात. छायाचित्रात एवढं एक पाहिलं तरी निम्मे गैरसमज टळतात.

अमेरिकन थर सोडवायला तारखा मदत करतात. फ्रान्सने १९६६ साली नाटोच्या संयुक्त लष्करी यंत्रणेतून अंग काढून घेतलं आणि परकीय सैन्याला १ एप्रिल १९६७ पर्यंतची मुदत दिली. तिथला साठा कुठेतरी हलवणं भाग होतं आणि नेमका त्याच वर्षी केअरवेंट रिकामा होत होता. कुंपण, रेल्वेचा फाटा आणि मुख्य म्हणजे अंतरं तयारच होती. साठ्यासाठी तोच नियम लागू पडतो. या काळातले आकडे वाचताना एकक तपासावं. ब्रिटिश कागदातला टन १०१६ किलोंचा, अमेरिकन कागदातला ९०७ किलोंचा. गॅलनही तसाच: ब्रिटिश ४.५५ लिटर, अमेरिकन ३.७९. दोन्ही काळांची बेरीज एका तक्त्यात केली की चूक दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सराव क्षेत्राचा थर सगळ्यात पातळ आहे. अशी जमीन विकणं अवघड: जमिनीखालच्या गटारांत काय उरलंय याची हमी देता येत नाही, छपरांत ॲस्बेस्टॉस, पन्हळींत शिसं. सैन्याला मात्र ती आहे तशी चालते. विखुरलेल्या पडक्या इमारती, मधली झाडी, आडवळणाचे रस्ते, घराकडे नेणारी वाकडी वाट. पायदळाच्या तुकडीला शोधमोहीम आणि घरात शिरण्याचा सराव करायला हे सगळं आयतं मिळतं. आजच्या उपग्रह चित्रात एखादी ताजी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत दिसली तर ती कारखान्याच्या इतिहासात धरू नये. मी प्रत्येक बांधकामाला त्याच्या काळाचा रंग देतो: १९३९ चं काळं, अमेरिकन निळं, सरावाचं हिरवं. रंगवून झाल्यावर केअरवेंटच्या चित्रात हिरवं अगदी थोडं उरतं, निळं जागोजागी ठिपक्यांसारखं, बाकी सगळं काळं. आणि ज्या ठिकाणी निळं किंवा हिरवं पडलं, तिथेही बांधाची कड काळीच आहे.