जुनी ग्रनाश: रंगावर जाऊ नका

ग्रनाश ही लाल वाईनच्या द्राक्षाची एक जात, आणि कॅलिफोर्नियाची ग्रनाश ही ठेवायची वाईन नाही, घ्या आणि दोन-तीन वर्षांत संपवा, हे मी आत्तापर्यंत दुकानदारांकडून, टेस्टिंग रूममधल्या पोरांकडून आणि आमच्या ग्रुपमधल्या त्या एका माणसाकडून ऐकलंय ज्याने वाईनचा कोर्स केलाय (बे एरियातल्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये हल्ली असा एकजण असतोच). ठेवायचीच असेल तर कॅबर्ने (ही दुसरी लाल जात) ठेवा म्हणतात. आता हे म्हणणं अगदीच खोटं नाहीये, त्याच्याकडे येतेच, पण परवा २०१३ ची एक ग्रनाश उघडली आणि तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं.

बाटली बिरिकिनोची. सांताक्रूझची छोटी वायनरी, २००८ ला दोघांनी मिळून सुरू केलेली, आणि हे दोघंही आधी बॉनी डून या वायनरीत कामाला होते. द्राक्षं मात्र सांताक्रूझची नाहीत, ती गिलरॉयच्या पश्चिमेला हेकर पासच्या बाजूला बेसॉन व्हिनयार्ड आहे तिथली. तिथल्या ग्रनाशच्या वेली १९१० साली लावलेल्या आहेत. म्हणजे १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागली तेव्हा वेली दहा वर्षांच्या, १९३३ ला उठली तेव्हा तेवीस वर्षांच्या, आणि नंतर सगळी सांता क्लारा व्हॅली जर्दाळू आणि प्रूनच्या बागांमधून सिलिकॉन व्हॅली झाली तरी या आपल्या तिथेच.

गिलरॉय म्हटलं की आपल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, आउटलेट मॉल आणि लसूण. भारतातून कोणी आलं की आपण त्यांना मॉलला नेतो, बॅगा घेऊन देतो आणि परत येतो. पण १५२ नंबरच्या रस्त्याने वॉटसनव्हिलच्या दिशेला निघालं की दहा मिनिटांत लसणाचा वास मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना जुने मळे लागतात. माझे एक काका निफाडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलं, ते इथे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम त्या रस्त्याने नेलं होतं. गाडीतून बघून पहिला प्रश्न, "मांडव कुठंय गं?" मांडव नाही, तारा पण नाहीत, गुडघ्याएवढं जाड वेडंवाकडं खोड आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेल्या काड्या. ग्रनाशचं लाकूड कडक असतं आणि काड्या सरळ वर उभ्या वाढतात म्हणून तिला आधार लागत नाही, फ्रान्सच्या दक्षिणेत मिस्त्राल वारा झोडपून काढतो तिथेही ती अशीच उभी असते. काकांना ते पटलं पण छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, हे काही पटेना. एप्रिलची खरड छाटणी नाही म्हणजे काय! आणि शंभर वर्षांची वेल ऐकल्यावर, "आमच्याकडं पंधरा वर्षांत बाग काढायची वेळ येते, यांना माल तरी किती येतो?" कमीच येतो काका, म्हणूनच तर चांगला येतो. यावर ते काही बोलले नाहीत, पण किलोला काय भाव मिळतो ते मात्र विचारलं.

थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय "ठेवायची वाईन नाही" हे आलं कुठून ते कळत नाही. ग्रनाश मूळ स्पेनची, तिथे गार्नाचा. कॅलिफोर्नियात ती एकोणिसाव्या शतकात आली, सुरुवातीच्या काळातच सांता क्लारा व्हॅलीत लागली, म्हणजे आज जिथे आपण स्टँडअप मीटिंगा करतो तिथेच. नंतर मात्र तिचं नशीब फिरलं. उन्हाला आणि दुष्काळाला दाद देत नाही, साखर भरपूर, उत्पन्न काढाल तेवढं, त्यामुळे सेंट्रल व्हॅलीत हजारो एकर लावली आणि तिची स्वस्त गोड गुलाबी वाईन आणि गॅलनच्या मोठ्या बाटल्यांमधून विकायची लाल वाईन करून टाकली. त्या मालाला कोण कशाला ठेवेल. लोकांच्या डोक्यात जी ग्रनाश बसलीये ती ही.

मग १९८० च्या दशकात काही येड्या लोकांनी फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्याच्या जाती मनावर घेतल्या. त्यातला सगळ्यात नाटकी माणूस म्हणजे बॉनी डूनचा रँडल ग्रॅम. त्याने १९८४ च्या द्राक्षांपासून ल सिगार व्होलां काढली, शब्दशः उडता सिगार, म्हणजे उडती तबकडीच, कारण ऱ्होन खोऱ्यातल्याच शातोनफ-द्यु-पाप या वाईनच्या गावच्या नगरपालिकेने १९५४ साली खरोखर ठराव केला होता की आमच्या मळ्यांमध्ये उडत्या तबकड्यांनी उतरायचं नाही. (ठराव आजतागायत पाळला गेलाय म्हणे.) याच माणसाने २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर कॉर्कच्या बुचाची अंत्ययात्रा काढली, शवपेटीसकट, आणि स्क्रू कॅपवर गेला. लोक हसले, पण ग्रनाशपुरतं बोलायचं तर त्यात दम आहे. या जातीला हवा फार लवकर लागते. कॅबर्ने किंवा सिराह थोडी हवा पचवते, हिला जरा जास्त हवा मिळाली की रंग जातो, फळ जातं, आणि राहते ती सपक तपकिरी गोष्ट.

आणि रंग तर मुळातच कमी. साल पातळ, रंगद्रव्य कमी, त्यामुळे तरुणपणी सुद्धा ग्लासातून पलीकडचं दिसतं. वय वाढलं की रंगद्रव्य आणि टॅनिन (वाईनला तुरटपणा देणारं द्रव्य) एकमेकांना चिकटून मोठे रेणू होतात आणि गाळ म्हणून खाली बसतात. म्हणून आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवली होती, आणि ओतताना शेवटची दोन बोटं वाईन बाटलीत तशीच ठेवली.

ग्लासात आली तेव्हा नवरा म्हणाला, "ही गेली." खरंच तसं वाटण्यासारखा रंग होता, मध्यभागी फिकट लाल आणि कडेला विटकरी-नारिंगी, आगळात जरा जास्तच पाणी पडलेल्या कोकम सरबतासारखा. पहिला वास पण काही खास नाही, बंद कपाटाचा, थोडा धुरकट. मी काही बोलले नाही, डिकँटर (वाईन ओतून तिला हवा द्यायचं भांडं) पण काढला नाही कारण जुन्या ग्रनाशला एवढी हवा एकदम दिली तर जे काय उरलंय ते टेबलावर यायच्या आधीच उडून जातं. ग्लासातच राहू दिली.

साधारण वीस मिनिटांनी जे झालं ते भारी होतं. आधी वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा वास, मग सुकं अंजीर, मग ज्येष्ठमध, आणि या सगळ्याच्या मागे चामडं आणि तंबाखूचं कोरडं पान. तरुण ग्रनाशचा जो ओळखीचा स्ट्रॉबेरी-रासबेरीचा वास असतो तो पण होता पण ताज्या फळाचा नाही, आटवलेल्या, वाळवलेल्या फळाचा. तोंडात घेतल्यावर आश्चर्य म्हणजे आंबटपणा अजून जिवंत होता. मला वाटतं इथे हेकर पासचा हात आहे, त्या खिंडीतून मॉन्टरे बेचा गार वारा आत येतो, रात्री थंड होतात, त्यामुळे साखर चढली तरी द्राक्षातलं आम्ल टिकतं. तुरटपणा जवळजवळ नाहीच, एकदम रेशमी, आणि घोट गिळल्यावर कितीतरी वेळ संत्र्याची साल आणि पांढरी मिरी जिभेवर. नवऱ्याने "ही गेली" वालं वाक्य परत घेतलं नाही, पण स्वतःचा ग्लास स्वतः भरून घेतला.

तासाभरात ती सगळ्यात वर होती. दीड तासाने फळ ओसरायला लागलं आणि चहाच्या पानासारखं कोरडं काहीतरी पुढे आलं. तळाला उरलेलं दुसऱ्या दिवशी चाखलं तर काही राहिलं नव्हतं. म्हणजे अशी बाटली उघडली की त्याच संध्याकाळी संपवायची, "थोडी उद्याला ठेवू" चालणार नाही.

आता त्या "ठेवायची नाही" वाल्यांची बाजू. त्याच आठवड्यात सेंट्रल कोस्टची दुसरी एक ग्रनाश उघडली होती, नाव नाही लिहीत, तेवढीच जुनी, किंमत हिच्या दुप्पट, लेबलवर अल्कोहोल साडेपंधरा टक्के. नवी असताना ती जबरदस्त लागली असणार, जॅमसारखं फळ, गोडसर, जिभेला भरून टाकणारी. पण वर्षं गेली की फळ उतरतं, अल्कोहोल मात्र जेवढं होतं तेवढंच राहतं. आधी फळाने झाकलेलं असतं ते उघडं पडतं, आणि मग वाईन घशाला चरचरते आणि मध्ये काहीच नाही. ग्रनाशची अडचणच ही आहे, ती उशिरा पिकते, आणि पूर्ण पिकेपर्यंत साखर अशी चढते की जरा जास्त दिवस वेलीवर ठेवली की अल्कोहोल हाताबाहेर. लवकर तोडावी तर चव हिरवट. त्यामुळे माझं मत असं की प्रश्न जातीचा नाहीच, कधी तोडली आणि कुठून आली याचा आहे. लेबलवर अल्कोहोल चौदाच्या आसपास, जुन्या वेली, थंड वाऱ्याची जागा, नव्या ओकच्या पिंपांचा मारा नाही, अशी ग्रनाश दहा-बारा वर्षं आरामात जाते. पंधराच्या वरची दिसली तर लगेच प्या, मजा येईल, पण कपाटात घालू नका.

बरोबर काय खायचं हा प्रश्न आपल्याकडे अवघडच. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात, त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर कुठलीच रेड वाईन नको, दोन्ही वाया. पण ग्रनाशला टॅनिन कमी असल्याने ती मसाल्याशी भांडत नाही, फक्त मिरचीशी भांडते. मी सुकं मटण केलं होतं, सुकं खोबरं आणि कांदा चांगला काळपट भाजून, धने, बडीशेप, दगडफूल सगळं नेहमीसारखं, फक्त मिरची निम्म्याहून कमी. दगडफूल आणि जुन्या वाईनचा तो मातकट वास, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही पण कोणीतरी करून बघा. भाकरी होती सोबत. लिंबू मात्र पिळू नका, वाईन लगेच सपाट लागते. आणि थोडी गार करून प्या, फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं पुरे, इथल्या सप्टेंबरच्या उकाड्यात रूम टेम्परेचरला ठेवलेली कुठलीही ग्रनाश नुसती स्पिरिटसारखी लागते.

अजून एक बाटली आहे, २०१५ ची, त्याच मळ्याची. दुष्काळाचं वर्ष होतं, त्यामुळे जास्त दाट असेल असा माझा अंदाज. नवरा म्हणतो दिवाळीला उघडू, पण दिवाळीच्या फराळाबरोबर ती काय करणार, चकलीशी तर अजिबात जमणार नाही. ३१ डिसेंबरला उघडू असं ठरलंय, मटणाचं सामान मी आणीन, दगडफूल कोणाकडे चांगलं मिळतं सनीव्हेलमध्ये ते कळवा, मागच्या वेळी आणलं त्यात निम्म्या काड्याच होत्या.