मेक्सिको ६८ पुन्हा काढताना: लान्स वाइमनच्या रेषांची बांधणी

मेक्सिको ६८चं, म्हणजे १९६८च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकचं, अख्खं चिन्ह अखेर पेन्सिलीत उभं राहिलं. रोमन लिपीतली सहा अक्षरं, पुढे ६ आणि ८, आणि त्या दोन आकड्यांत गुंफलेली ऑलिंपिकची पाच वर्तुळं. शाई अजून चढवलेली नाही, पण बांधणी आता हातात बसली आहे आणि आज तिच्याबद्दलच सविस्तर लिहायचंय. हे चिन्ह नुसतं बघितलं तर रेषांचा सुंदर खेळ वाटतो. काढायला बसलं की त्यामागचा नियम हाताला लागतो, आणि तो एकदा लागला की त्यातून हवी तेवढी नवी चित्रं काढता येतात. हे चिन्ह करणाऱ्या लान्स वाइमनचं मोठेपण मला नेमकं तिथे दिसतं.

ज्यांना हा माणूस नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लान्स वाइमन अमेरिकन ग्राफिक डिझायनर, जन्म १९३७चा, न्यूअर्कचा. प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, पुढे न्यूयॉर्कला जॉर्ज नेल्सन या डिझायनरच्या ऑफिसात काम केलं. १९६६च्या अखेरीस तो आणि ब्रिटिश डिझायनर पीटर मर्डॉक मेक्सिको सिटीला गेले. ऑलिंपिकच्या चिन्हासाठी निवड चालू होती आणि त्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे होते. आयोजन समितीचा अध्यक्ष होता पेद्रो रामिरेझ वास्केझ, म्हणजे मेक्सिकोचं मानववंशशास्त्र संग्रहालय ज्याने बांधलं तो वास्तुविशारद. वाइमन त्या संग्रहालयात जाऊन जुनी शिल्पं बघत बसायचा. या कामाचं श्रेय कुणाचं यावर नंतर बरेच वाद झाले. रामिरेझ वास्केझ आणि एदुआर्दो तेराझास यांची नावंही घेतली जातात. एवढं मोठं काम एकट्याचं नसतंच. प्रकाशनांची सगळी बाजू बिएट्रिस ट्रूब्लड सांभाळत होती. चिन्हाची भूमिती मात्र मी वाइमनच्याच नावावर धरतो, कारण त्याच्या पुढच्या कामात तोच हात वारंवार दिसतो.

या रेषांचं एक मूळ मेक्सिकोतल्या विचोल आदिवासींच्या धाग्यांच्या चित्रांत आहे. फळीवर मधमाश्यांच्या मेणाचा थर द्यायचा आणि त्यात रंगीत लोकर दाबत, एकाला एक चिकटून धागे बसवत जायचं. आधी आकृतीची कड, मग तिच्या बाजूने फेऱ्यांवर फेऱ्या. आपल्याकडे रांगोळीच्या कडेने बाहेर बाहेर रेघ फिरवत नेतात, साधारण तसं. त्याच सुमाराला ब्रिजेट रायली आणि व्हिक्टर व्हासारेली यांच्या ऑप आर्टची, म्हणजे रेषा-आकारांनी डोळ्यांना चकवणाऱ्या चित्रांची, चलती होती. गावातली परंपरागत कला आणि साठच्या दशकातली अगदी ताजी चित्रकला या दोघींना समांतर रेषेचंच वेड होतं, आणि वाइमनने दोघींचं सूत जुळवलं.

आता कंपास हातात घेऊ. ब्रिस्टल बोर्डवर (जाड, गुळगुळीत कागदावर) मी रेषा १ मिलिमीटर आणि फट १ मिलिमीटर असं प्रमाण धरलं. अक्षराचा दांडा तीन काळ्या रेषांचा, मधल्या दोन फटी धरून ५ मिलिमीटर. सुरुवात अक्षरांपासून करू नका, वर्तुळांपासून करा. वर तीन, खाली दोन. खालच्या दोन वर्तुळांच्या केंद्रांवर ६चं पोट आणि ८चं खालचं पोट एककेंद्री फिरवा. वाइमनलाही किल्ली इथेच सापडली. पाच वर्तुळांच्या भूमितीतून ६८ हा आकडा बाहेर काढता येतो हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग तीच रेषा त्याने मागे ओढत नेऊन देशाचं नाव लिहिलं. एका केंद्रावर इतकी वर्तुळं मारायची तर सुईचं भोक मोठं होतं आणि शेवटची वर्तुळं सरकतात. केंद्रावर आधी सेलोटेपचे दोन-तीन थर चिकटवा, भोक टिकतं.

खरी मजा अक्षरांच्या मधल्या जागेत आहे. पोस्टरमध्ये अक्षरांपासून रेषा बाहेर पसरत जातात आणि अख्खा कागद भरून टाकतात. शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींकडे सरकत येतात. दोन्ही अक्षरांची कड काळी, त्यामुळे मध्ये पांढरी, काळी, पांढरी असा क्रम न चुकता बसायचा तर ती जागा रेषेच्या जाडीच्या विषम पटीतच हवी: माझ्या मापात १, ३ किंवा ५ मिलिमीटर. ४ घेतली की मधोमध एक पट्टी दुप्पट जाड होते आणि सगळ्यात आधी तीच डोळ्यात खुपते. एरवी अक्षरांमधली जागा आपण नजरेने ठरवतो. इथे ती रेषेची जाडी ठरवते.

कोपऱ्यांचंही तसंच. बाहेर फुगलेल्या कोपऱ्याभोवती रेषा फिरली की प्रत्येक फेरीला त्रिज्या २ मिलिमीटरने वाढते आणि वळण सैल होत जातं. आत शिरलेल्या कोपऱ्यात ती २-२ने घटते, शून्यावर येते आणि तिथून पुढच्या प्रत्येक रेषेला टोकदार मोड पडतो. एक्सच्या खाचा घ्या. पहिल्या एक-दोन फेऱ्या गोलसर, मग टोकं, आणि त्या टोकांची एक सरळ रांग कागदाच्या कडेपर्यंत जाते. अक्षर कधीच मागे राहिलेलं असतं, तरी त्या रांगेवरून ते ओळखू येतं. मी हे पहिल्यांदा कागदावर उमटताना पाहिलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून नुसतं बघत बसलो.

संगणकावर, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. प्रत्येक रेषा वेगळी काढू नका. अक्षराचा एकच मधला पाथ (रेषेचा मार्ग) काढा आणि त्याच्या तीन प्रती एकावर एक ठेवा: खाली ५ जाडीची काळी, तिच्यावर ३ची पांढरी, सगळ्यात वर १ची काळी. तीन रेषा आपोआप तयार. पसरणाऱ्या रेषांसाठी खाली आणखी प्रती सरकवायच्या: ७ची पांढरी, ९ची काळी, ११ची पांढरी. एक अट आहे. सगळ्या अक्षरांच्या ११च्या प्रती एका थरावर, ९च्या त्याच्या वरच्या थरावर, अशा जाडीप्रमाणे रचा. अक्षराप्रमाणे रचलं तर एका अक्षराची पांढरी पट्टी शेजारच्याच्या काळ्या रेषा खाऊन टाकते. जोडाचा प्रकार गोल ठेवा. शेवटी छपाईआधी स्ट्रोकचे (जाडी दिलेल्या रेषांचे) पाथ करून घ्या, नाहीतर आकार लहान-मोठा करताना जाडी तशीच राहण्याची भीती असते.

मधल्या काळात मी देवनागरी ६८ करून पाहिलं, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. रोमन ६ आणि ८मध्ये बंद गोल आहेत म्हणून ते ऑलिंपिकच्या वर्तुळांवर चपखल बसतात. आपल्या ८मध्ये एकही बंद गोल नाही, तो एक वळणदार उतार आहे. आपल्या ६मध्ये दोन पोटं आहेत, पण दोन्ही उघडी, आणि खाली शेपूट. तेव्हा वर्तुळं आणि आकडे एका केंद्रावर आणायचा हट्ट सोडावा लागतो. ६च्या दोन पोटांना वर्तुळांची त्रिज्या दिली आणि ८चा उतार तिसऱ्या वर्तुळाचा चतुर्थांश कंस म्हणून घेतला, तेव्हा दोघांत नातं दिसायला लागलं. ‘मेक्सिको’ लिहिताना तर वेगळंच घडतं. शिरोरेषेच्या तीन रेषा सगळ्या अक्षरांना एकत्र बांधतात, त्यामुळे वरच्या बाजूला मात्रा आणि वेलांटी सोडल्या तर रेषा शांत, आडव्या पसरतात आणि सगळी गडबड खाली होते. रोमनमध्ये वर-खाली सारखीच हालचाल आहे. देवनागरीत चिन्हाचं वजनच खाली उतरतं. क्सचं जोडाक्षर तीन रेषांत बसवणं अजून मनासारखं झालेलं नाही. त्या गाठीत फटी इतक्या अरुंद होतात की शाई भरून येईल.

एक नियम किती दूर जाऊ शकतो हे १९६८मध्ये मेक्सिको सिटीने पाहिलं. त्याच रेषा तिकिटांवर, टपालाच्या तिकिटांवर, यजमान मुलींच्या पोशाखांवर, स्टेडियमभोवतीच्या फरशीवर. त्याच वर्षी विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि त्यांनीही हीच दृश्यभाषा उचलून सरकारवर उलटवली. शहरभर लावलेल्या शांततेच्या पांढऱ्या कबुतरावर लाल रंग उडवला गेला. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि १२ ऑक्टोबरला खेळांचं उद्घाटन झालं. हे चिन्ह काढताना त्या दहा दिवसांकडे डोळेझाक करणं मला बरोबर वाटत नाही. इतकी सहज शिकता येणारी भाषा कुणा एकाच्या मालकीची राहत नाही. विद्यार्थ्यांची ती पोस्टर्स मी या चिन्हाच्याच इतिहासाचा भाग मानतो, आणि माझ्या वहीत ती मूळ पोस्टरच्या शेजारी चिकटवली आहेत.

एकेक खेळ ओळखायला केलेल्या छोट्या चिन्हांबद्दल थोडंच लिहितो, त्यांच्यावर सगळेच लिहितात. १९६४च्या टोकियोत खेळाडूची पूर्ण आकृती होती. मेक्सिकोत शरीराचा एखादा भाग किंवा खेळाचं साधन पुढे आणलं. काढायला ती टोकियोपेक्षा अवघड आहेत, कारण काय गाळायचं हे आधी ठरवावं लागतं.

ऑलिंपिक झाल्यावर वाइमन तिथेच राहिला आणि मेट्रोचं काम घेतलं. ४ सप्टेंबर १९६९ला पहिला मार्ग सुरू झाला, सारागोसा ते चापुलतेपेक, १६ स्थानकं. प्रत्येक स्थानकाला नावासोबत स्वतःचं चित्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ‘टोळावर उतर’ एवढं सांगितलं की पुरे, कारण चापुलतेपेकचं चित्र टोळाचं आहे. पिनो सुआरेझला खोदकाम करताना वायुदेव एहेकात्लचं गोल मंदिर सापडलं. ते स्थानकातच जपलंय आणि चित्रही त्याचंच आहे. मला ही चित्रं ऑलिंपिकच्या चिन्हापेक्षाही मोलाची वाटतात. ऑलिंपिक पंधरा दिवसांत संपलं, ही चित्रं आजही लोक रोज वापरतात.

सध्या टेबलावर तीच आहेत. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांचा ४ सेंटिमीटरचा चौकोन, मार्गाचा गुलाबी रंग, त्यात पांढरी आकृती. चित्र झालं की १ सेंटिमीटरवर छापून हातभर अंतरावरून बघतो. टोळ या परीक्षेत सहज पास झाला. सालतो देल आग्वा स्थानकाचं कारंजं नाही झालं, पाण्याच्या रेषा एकमेकींत मिसळतात. रेषा कमी करायच्या की फटी वाढवायच्या, यावर अडलोय. फटी वाढवून पाहण्याकडे माझा कल आहे, कारण पांढरा रंग गडद पार्श्वभूमीवर मुळातच थोडा फुगून दिसतो. गुलाबीवर पांढरी शाई कुणी वापरली असेल तर कुठली ते जरूर कळवा. माझ्याकडची पोस्टर कलरची पांढरी दुसऱ्या हातालाही पारदर्शकच राहते.