फर्ग्युसनच्या पिन कोडचे गणित

इंटरनेटवर सापडलेली एखादी गमतीची गोष्ट रविवारी सकाळी मित्रमंडळींच्या ग्रुपवर पाठवण्याचा माझा परिपाठ आहे आणि त्याबाबत मी एक पथ्य कसोशीने पाळतो. मूळ पान स्वतः वाचल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवत नाही. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याचा निखालस खोटा निरोप वर्षानुवर्षे फिरत राहिला, तो पाठवणाऱ्यांपैकी कुणीही उगमापर्यंत गेले नाही म्हणून. उगमापर्यंत गेले की खोटे तर गळून पडतेच, शिवाय खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा पुष्कळदा जास्त रंजक निघते, कारण तिच्यामागे ती गंमत अतिशय मन लावून करणारा कुणीतरी माणूस भेटतो.

कबुतरांचेच उदाहरण घ्या. इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण कशी व्हावी याचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वाइट्झमन यांनी याच मालिकेत ११४९ क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पक्ष्यांकरवी माहिती पाठवण्याची रीत दिली आहे: माहितीचा तुकडा कागदाच्या लहानशा गुंडाळीवर छापायचा, ती गुंडाळी पक्ष्याच्या एका पायाभोवती गुंडाळायची आणि चिकटपट्टीने पक्की करायची. लेखनाची सारी शिस्त खऱ्या तांत्रिक दस्तऐवजाची आहे. हा विनोद तिथेच थांबला असता, परंतु २००१ साली नॉर्वेतील बर्गेन शहरातल्या, लिनक्स या संगणकप्रणालीच्या चाहत्यांनी ही रीत खरोखरीच अमलात आणली. त्यांनी कबुतरांच्या पायांना बांधून नऊ संदेश पाठवले, त्यांपैकी चारांची उत्तरे आली आणि त्यांना सुमारे ५४ मिनिटे ते पावणेदोन तास लागले. त्या प्रयोगाची नोंद वाचताना मला त्या मंडळींविषयी मनापासून आदर वाटला.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागातील कॉफीच्या भांड्याची कथा अनेकांनी ऐकली असेल. भांडे रिकामे असताना हेलपाटा पडू नये म्हणून १९९१ मध्ये त्याच्यासमोर कॅमेरा लावला गेला, १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाल्यावर ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना विकले गेले.

मात्र मला सर्वांत प्रिय असलेले ठिकाण म्हणजे पूर्णांक संख्यांच्या क्रमिकांचा, म्हणजे ठरावीक क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या मालिकांचा, ऑनलाइन विश्वकोश. नील स्लोन यांनी १९६४ साली विद्यार्थीदशेत संख्यांच्या क्रमिका कार्डांवर टिपून ठेवायला सुरुवात केली, १९७३ साली त्यांतील २,३७२ क्रमिकांचे पुस्तक निघाले आणि १९९६ पासून तो संग्रह वेबवर सर्वांना खुला आहे. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. चारपाच संख्या स्वल्पविराम देऊन टाकल्या की त्या कोणत्या नियमाने येतात, त्या कुणी शोधल्या आणि पुढची संख्या कोणती, हे सारे समोर येते. क्रमिका सुरांत वाजवून ऐकण्याचीही सोय आहे. ए००००५३ ही नोंद उघडली तर १४, १८, २३, २८, ३४ अशा संख्या दिसतात. त्यांत कोणतेही गणिती सूत्र दडलेले नसून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या एका मार्गावरील थांबे ज्या रस्त्यांवर आहेत, त्या रस्त्यांचे ते क्रमांक आहेत. इतक्या गंभीर संग्रहात अशा नोंदीला जागा मिळाली, याचा मला फार आनंद होतो.

याच कोशात १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ असे टाकून पाहावे. ए००६८८६ ही नोंद उघडते आणि शीर्षकात आपल्या ओळखीचे आडनाव दिसते: कापरेकर संख्या. ७०३ चा वर्ग ४९४२०९ येतो आणि त्याचे ४९४ व २०९ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा ७०३ मिळतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि तिथे असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी देवळालीच्या शाळेत तीन दशके शिक्षकाची नोकरी केली. संख्यांशी खेळण्याचा त्यांचा छंद अनेक गणितज्ञांना क्षुल्लक वाटत असे. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. आज ज्या कोशाचा आधार मोठमोठे संशोधक घेतात, त्यात कापरेकरांच्या संख्या सन्मानाने नांदत आहेत, आणि डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी ज्यांचे बारसे केले त्या १, १२१, १२३२१ या डेम्लो संख्याही तिथे आहेत.

त्यांचा १९४९ सालचा शोध प्रत्येकाने हाताने करून पाहावा असा आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करत जावे. शून्ये मात्र गाळू नयेत. मी सदाशिव पेठेच्या ४११०३० या पिन कोडातील शेवटचे चार अंक घेतले: ३१०० वजा ००१३ म्हणजे ३०८७, नंतर ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, नंतर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतात. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या तिथे पोहोचते. फर्ग्युसन ज्या भागात आहे त्याचा पिन कोड ४११००४. त्यातील १००४ घेतले तर क्रम असा लागतो: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात वजाबाक्या! कापरेकरांच्याच महाविद्यालयाच्या वाट्याला सर्वांत लांबचा रस्ता यावा, हा निव्वळ योगायोग असला तरी तो कागदावर उतरत असताना मला विलक्षण हर्ष झाला.

मग साहजिकच संपूर्ण सहा अंकी पिन कोड घेऊन पाहण्याची इच्छा झाली. सहा अंकांचा स्वभाव वेगळा असतो. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर, म्हणजे ६१७४ प्रमाणे पुन्हा स्वतःच येणाऱ्या, संख्या आहेत, पण पुष्कळ संख्या त्या दोन्हींना चुकवून सात संख्यांच्या एका रिंगणात शिरतात: ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. ४११००४ आठव्या वजाबाकीला या रिंगणात येतो, तर सदाशिव पेठेचा ४११०३० चौथ्याच वजाबाकीला. तुमच्या भागाचा पिन कोड स्थिर संख्येवर थांबतो की याच रिंगणात शिरतो, ते अवश्य कळवा. येत्या रविवारी मी कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या पिन कोडांवर हीच वजाबाकी करून पाहणार आहे.