घडीचं पान

किल्लारीच्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या एका गावाच्या पुस्तकाची मांडणी सध्या माझ्याकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतरचे ढिगाऱ्यांचे आणि चितांचे फोटो भरपूर मिळतात. ते मी चार पानांत आटोपले. हे पुस्तक त्यानंतरच्या वर्षांचं आहे, आणि रडणारा चेहरा पानभर छापून ती वर्षं दिसत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

घरं का पडली, ती आकृती मात्र मोठी घेतली. दोन्ही अंगांनी दगड रचून मधे माती नि खडे भरलेली जाड भिंत, तिच्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. हादऱ्याने भिंतीची दोन अंगं एकमेकांपासून सुटली आणि तो सगळा भार, आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलेल्या माणसांवर आला. जी गावं हलवली नाहीत तिथल्या भिंतींत नंतर आरपार दगड बसवले, माळवदावरची माती उतरवली. गवंड्यांनी हे शिकून घेतलं आणि केलं. त्यांच्या हातांचे फोटो मी आकृतीच्या अगदी शेजारी लावलेत.

अडलं होतं ते नकाशांपाशी. बावन्न गावं मूळ जागेवरून हलवली, त्यातलंच हे एक. डाव्या पानावर जुनं गाव, उजव्यावर नवं, दोन्ही सारख्याच आकारात, असं संपादकांना हवं होतं. पाहायला ते नेटकं दिसतं. पण दोन्ही एकाच स्केलवर काढले तर जुनं गाव तळहाताएवढं होतं आणि नवं पानाबाहेर जातं. ते बाहेर जाणंच मला दाखवायचं होतं. त्याला घडीचं, म्हणजे उलगडल्यावर मोठं होणारं पान लागतं आणि बाइंडिंगचा खर्च वाढतो. यावरून आमचं बरंच बोलणं झालं होतं.

त्या मंगळवारी संपादक दादरच्या आमच्या ऑफिसात एका मावशींना घेऊन आले. मूळच्या त्याच गावच्या, आता मुलाकडे कळव्याला असतात. यायचं कारण फोटोओळी तपासणं. मी टेबलावर एका स्केलचे दोन्ही नकाशे ठेवले. नव्या गावाला दोन कागद चिकटवून जोडावे लागले होते.

मावशींनी आधी जुन्या गावात वेस शोधली, मग मारुतीचं देऊळ, मग आपली गल्ली. “हितून हाक मारली की पलीकडची भाकर थापता थापता ओ द्यायची. मधी एक भिंत.”

“आणि नव्या गावात त्या कुठे राहायला गेल्या, मावशी?”

घरं तीन मापांची होती: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कुठलं, हे जमिनीवर ठरायचं. मावशींकडे शेती होती, शेजारणीकडे नव्हती. या गावात प्रत्येक मापाच्या घरांच्या रांगा वेगवेगळ्या होत्या, नकाशात त्यांना वेगवेगळे रंग दिलेत. मावशींचं बोट चारशेच्या रंगावरून निघालं, कागदाच्या जोडावरून पलीकडे गेलं आणि पार कडेच्या रांगेत थांबलं.

“बराबर हाय हे. उन्हाळ्यात माझं जाणंच व्हायचं नाही तिच्याकडं.”

संपादक काहीच बोलले नाहीत. मावशीच पुढे म्हणाल्या, “पर पोरी, रुंद रस्ते केले ते लई बरं केलं. त्या राती आमच्या बोळात पळायला वाट नव्हती. दगडानं भरला होता सगळा बोळ. ते बी लिही.”

हे माझ्या मांडणीत नव्हतं. मोकळी जागा मी नुसती दुरावा म्हणून दाखवत होते, मावशींना तीच जागा जीव वाचवणारीही वाटत होती. तुटलेल्या शेजाराची हळहळ आणि या रस्त्यांचा दिलासा, त्या दोन्ही एका दमात सांगत होत्या. तेव्हा घडीच्या पानावर दोन्ही यायला हवं: शेजारणीच्या दारापर्यंतची वाट तुटक रेघेने, आणि रस्त्यालगत मावशींचं वाक्य त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखनाची कात्री न लावता.

संपादकांनी तिथूनच बाइंडरला फोन लावला. घडीचं पान हाताने चिकटवावं लागणार होतं. तो खर्च भरून काढायला शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा शेवटचा गट, एकाच रंगात छापायचं ठरलं. घरांच्या तीन मापांचे रंग मात्र आम्ही कायम ठेवले.