तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं बोलत का नाहीत?

पुण्याजवळच्या भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत माझी सगळी नोकरी झाली. लागले तेव्हा खात्याचं नाव पर्सनल होतं, पुढे तेच एचआर झालं. आता नव्याने बढती मिळालेल्या सुपरवायझर-मॅनेजर मंडळींशी बोलायला मला बोलावतात आणि चहाच्या वेळी कुणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "मॅडम, आमची माणसं मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत. काही अडचण आहे का विचारलं की सगळे माना खाली घालून उभे. बाहेर टपरीवर मात्र तासभर बोलतात. यांना बोलतं करायचं कसं?" चहाचा कप हातात धरून याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे धरून चला की तुमची माणसं बोललेली आहेत. कधीतरी, कुणाकडे तरी, बहुधा तुमच्या आधीच्या साहेबाकडे त्यांनी सांगून पाहिलेलं आहे आणि पुढे त्याचं काय झालं ते त्यांना कधीच कळलेलं नाही. गप्प बसायला ती अनुभवातून शिकली आहेत. म्हणून मी पहिल्यांदा एवढंच विचारते की जे आधीच सांगून झालंय त्याचं उत्तर त्यांच्यापर्यंत गेलं का?

एका कारखान्यात ग्राइंडिंग सेक्शनमधल्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, जाम झाला. बेअरिंग गेलं होतं. स्पिंडल दुरुस्तीला बाहेर पाठवावा लागला, तोवर मशीन बंद, माल अडकलेला आणि ग्राहकाचे फोनवर फोन. मशीनवरचे ऑपरेटर जुने, मराठवाड्यातून आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. प्लांट मॅनेजरनी त्यांना बोलावलं तेव्हा मी तिथे होते.

"अण्णा, बेअरिंग काही एका रात्रीत जात नाही. आवाज बदलला असेल. तुम्हाला कळला नाही?"

"कळला ना. दोन-तीन दिवस कळत होता."

"मग सांगितलं का नाही?"

अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "पंख्याचं सांगितलं होतं की, साहेब."

त्या सेक्शनमधला धूर-वाफ बाहेर खेचणारा एक्झॉस्ट फॅन उन्हाळ्यापासून बंद होता. ग्राइंडिंगला कूलंटचा फवारा सतत उडतो, हवेत त्याचं धुकं साचतं, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. अण्णांनी सुपरवायझरला सांगितलं, मेंटेनन्सला सांगितलं, राउंडवर आलेल्या मॅनेजरलाही सांगितलं. सगळे म्हणाले, "बघतो." खरं तर पंख्याची मोटर जळली होती आणि नवीन मोटरच्या खरेदीची मंजुरी वर अडकली होती. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या डोक्यावर तो पंखा होता, त्याला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी राग धरला, मुद्दाम नुकसान होऊ दिलं, असं त्या दिवशी ऑफिसात काही जण म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. इथे सांगून काही होत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो हिशेब आपल्याच माणसांनी त्यांना शिकवला होता.

उलट बाजूचा माणूसही मी पाहिलाय. भोसरीत आमच्याकडे एक फोरमन होते, आयटीआय करून हेल्परपासून वर चढलेले. शर्टाच्या खिशात छोटी डायरी. कुणी काही सांगितलं की तिथल्या तिथे, त्याच्यासमोर लिहायचे: कुणी सांगितलं, काय सांगितलं, कुणाकडे न्यायचं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली की पहिली फेरी त्या डायरीतल्या नावांची. ऑफिसात बोलावणं नाही, मशीनपाशी जाऊन सांगणं. "तुझ्या गार्डचा बोल्ट स्टोअरमध्ये नाहीये, मागणी टाकलीय, सोमवारी मला विचार." "लॉकरचं जमणार नाही, जागाच नाही, मी स्वतः बघून आलो." आपल्याकडे भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बुधवारी पाळी सुटताना डायरीत जे उरलं असेल त्याचं काय झालं ते संबंधित माणसाला सांगूनच ते बसमध्ये चढत. त्यांच्या सेक्शनमध्ये मशीनचा आवाज जरा बदलला तरी वर्दी यायची. त्यांनी "मोकळेपणाने बोला" असं भाषण कधी केल्याचं मला आठवत नाही.

आता खरी अडचण. बहुतेक मॅनेजर उत्तर देत नाहीत, कारण उत्तर "नाही" असतं आणि ते तोंडावर सांगायला जड जातं. मग "बघू", "वर बोलतो", "पुढच्या महिन्यात बसू". यात आपण समोरच्याचं मन राखतो असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला टांगून ठेवतो. सुट्टीचंच घ्या. कोकणातल्या मुलांना गणपतीला गावी जायचं असतं, बिहार-यूपीच्या मुलांना छठला. नेमका तोच सणांचा हंगाम, ज्यांचे सुटे भाग आपण बनवतो त्या गाड्यांना मागणी असते आणि डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करायचा, ताण असतो, त्यामुळे सगळ्यांना सोडता येत नाही हे खरंच आहे. पण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. त्या आधी "तुला यंदा नाही, होळीला देतो" असं स्पष्ट सांगितलंत तर तो नाराज होईल, भांडेलही, पण एखाद्याशी अदलाबदल करील, घरी कळवील. आदल्या रात्रीपर्यंत "बघू" करत राहिलात तर तो तिकीट काढून बसलेला असतो. तो निघून जातो, तुम्ही गैरहजेरी मांडता, आणि पुढच्या वर्षी तो तुम्हाला विचारतच नाही. वेळेवर आणि कारणासह सांगितलेलं "नाही" कामगार पचवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मोठ्या वाईट बातमीलाही हेच लागू. २०१९ साली गाड्यांची मागणी घसरली तेव्हा आपल्या पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या, कंत्राटी मुलं घरी बसली. एका ठिकाणी व्यवस्थापन महिनोन् महिने गप्प होतं. का, तर घबराट नको. पण डिस्पॅचला उभ्या राहणाऱ्या ट्रकांची संख्या कमी झालेली गेटवरच्या माणसालाही दिसते. टपरीवर रोज नवी बातमी: कंपनी विकली, मशीनं गुजरातला चालली, यादी तयार आहे. चांगले सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे कारागीर, त्या अफवांवरच सोडून गेले. दुसऱ्या एका ठिकाणचे प्लांट हेड दर आठवड्याला पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांसमोर उभे राहत आणि ग्राहकाकडून आलेलं शेड्यूल वाचून दाखवत. गेल्या महिन्यात इतका माल, या महिन्यात इतका, पुढचं अजून आलेलं नाही. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथे "मला आज माहीत नाही, शुक्रवारी सांगतो" म्हणत आणि शुक्रवारी काहीच नवं नसलं तरी येऊन "अजून कळलेलं नाही" एवढं सांगून जात. लोकांना चिंता होतीच. पण ती सगळ्यांना एकसारखी माहीत असलेल्या गोष्टीची होती.

कायद्याने यातलं बरंच आधीच मांडून ठेवलंय, ते नव्या मॅनेजरनी एकदा मुळातून वाचावं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमायची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती सांगितलेली आहे, मालक आणि कामगार यांचे सारखेच सदस्य, आणि महिला कामगारांच्या प्रमाणात महिला. पाळीच्या वेळा किंवा वेतनासारख्या गोष्टी बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस, हेही जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांत आहे. मी अशा पुष्कळ समित्यांत बसलेय. ज्या समितीच्या इतिवृत्तात "चर्चा झाली" असं लिहिलेलं असायचं ती काही महिन्यांत कँटीनच्या डाळीपुरती उरायची. ज्या समितीत प्रत्येक मुद्द्यापुढे नाव आणि तारीख असायची तिथे कामगार प्रतिनिधी तयारी करून यायचे.

महिलांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांच्या), असेंब्लीच्या लाइनवर आज पुष्कळ मुली आहेत आणि वरचा सुपरवायझर बहुधा पुरुष. बाथरूमला पाणी नाही, मासिक पाळीच्या दिवसांत उभं राहून काम होत नाही, दुसऱ्या पाळीनंतर बस शेवटच्या चौकातच सोडते आणि पुढे अंधार आहे, हे ती त्याला दहा जणांसमोर सांगणार नाही. तिथे सांगायला एक बाई हवी, आणि त्या बाईच्या हातात निर्णय करून घेण्याइतका अधिकार हवा. फक्त ऐकून घेणारी ताई नेमून काही होत नाही.

आता आपण जे सांगतो ते खाली पोचतं का, तेही बघायला हवं. चाकणच्या एकाच लाइनवर विदर्भ, मराठवाडा, बिहार, ओडिशा इथली मुलं शेजारी शेजारी उभी असतात. नोटीस बोर्डावर मात्र इंग्रजी ईमेलची प्रिंट. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं की कायद्याने लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, दाराजवळ दिसतील अशा लावाव्यात. तोंडी सूचनांचंही तसंच. "समजलं का?" या प्रश्नाला ट्रेनी मुलगा "हो साहेब" म्हणतो, कारण "नाही" म्हणायची त्याची हिंमत नसते. त्यापेक्षा "आता तू काय करणार ते मला सांग" किंवा "एक पीस करून दाखव" म्हणा. मोजायचं गेज उलटं धरलं असेल तर तिथेच दिसेल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं तर कृपा करून धरू नका. आणि रिजेक्शनच्या मालाचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकणं ताबडतोब थांबवा. त्याने पुढचा खराब पीस बिनमध्ये तळाशी जातो, बाकी काही होत नाही.

आपल्याकडे टोयोटाचं नाव फार घेतात, काइझेनचे, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचे, बोर्ड लावतात, सजेशन बॉक्स ठेवतात. टोयोटाची सूचना योजना १९५१ पासूनची आहे. त्यांच्या लाइनवर दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की कामगार ती ओढतो, दिवा लागतो, आणि टीम लीडर तिथे चालत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपण दोरी आणि दिवा आणला. दिवा लागल्यावर माणूस लगेच येतो, ही निम्मी गोष्ट बऱ्याच ठिकाणी आणायची राहिली. दिवा लागून कुणी आलंच नाही तर त्या मुलाला जे कळायचं ते कळतं.

सुपरवायझरची बाजू घेऊन दोन शब्द. निरोप सर्वांत जास्त अडकतो तो त्याच्यापाशी, आणि शिव्याही तोच खातो. पण वरून त्याला उत्तर आलं नसेल तर तो खाली काय देणार? पंख्याच्या मोटरची मंजुरी अडकलीय हे त्याला कळलं होतं, पण ते कामगाराला सांगायची मुभा आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. ही मुभा स्पष्ट शब्दांत द्या.

कामगार मुलंही विचारतात, साहेबांना सांगायचं कसं? त्यांना मी म्हणते, कुठे, कधीपासून, काय दिसलं आणि काय हवंय, एवढं सांगा. "मशीन बरोबर चालत नाही" यापेक्षा "कालच्या दुसऱ्या पाळीपासून चार नंबरला सुरू करताना धक्का बसतो" यावर माणूस उठून येतो. आणि निघताना विचारा, "याचं उत्तर विचारायला कधी येऊ?" उद्धटपणा वाटेल म्हणून मुलं कचरतात. सरळ आवाजात विचारलं तर त्यात काही उद्धट नाही.

शेवटी बहुतेक जण विचारतात, हे सगळं केलं तर फरक कधी दिसेल? लगेच दिसत नाही. आणि सुरुवातीला जे येईल त्याने निराश होऊ नका. पहिल्यांदा नळ, पंखे, कँटीनची पोळी, बसची वेळ असलंच येतं. मॅनेजर वैतागतात, एवढ्यासाठी का आम्ही बसलो! पण माणसं छोट्या गोष्टी टाकून तुमची परीक्षा घेत असतात. नळ दुरुस्त झाला, पोळीचं का जमणार नाही ते येऊन सांगितलं, बसची वेळ बदलली, की मग मशीनचं येतं, मालाचं येतं, कुठल्या कामात वेळ वाया जातो ते येतं. आणि सर्वांत उशिरा, एखाद्या दिवशी, एखादा मुलगा हातात पीस घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, हा लॉट माझ्या हातून खराब गेलाय, पुढे जायच्या आत थांबवा." त्या वेळी आधी लॉट थांबवा आणि त्याने वेळेवर सांगितलं हे सगळ्यांसमोर म्हणा. चूक कशी झाली ते नंतर त्याच्या मशीनपाशी उभं राहून बघा. त्या क्षणी त्याच्यावर ओरडलात तर पुन्हा नळापासून सुरुवात करावी लागते.