पोराचं लक्ष लागत नाही, म्हणजे मेंदू लहान?

मुलाचं लक्ष न लागणं आणि मेंदूचा आकार यांचा संबंध असतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून. सांगलीत पालक हे वरचेवर विचारतात, "पोरगं एका जागी बसत नाही. मिरजेला नेऊन एमआरआय काढला, तर मेंदू लहान आहे का ते कळेल?" नाही कळणार. पण संबंधच नाही असंही नाही.

एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधन गटानं २०१७ मध्ये एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हा विकार) असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ जणांचे स्कॅन एकत्र तपासले. मेंदूच्या खोलवरच्या भागांत सगळ्यात जास्त फरक ॲमिग्डालात, म्हणजे भावनांशी संबंधित छोट्या भागात निघाला, तोही ०.१९ प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे माणसामाणसांत एरवीच असणाऱ्या फरकाचं माप). एवढ्या फरकात दोन्ही गटांचे आलेख सुमारे ९२ टक्के एकमेकांवर बसतात. सरासरी वेगळी निघते; समोरच्या एका मुलाबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

खरी फसगत मोजणीत होते. मेंदूची रचना दाखवणाऱ्या टी-वन या एमआरआय स्कॅनला साधारण पाच मिनिटं निश्चल पडावं लागतं. डोकं जरा हललं की मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराची कड पुसट होते आणि सॉफ्टवेअर तो थर पातळ मोजतं. लक्ष न टिकणारी मुलं जास्त हलतात. म्हणजे चुळबुळच 'लहान मेंदू' म्हणून आकड्यात उतरते! हललेले सगळे स्कॅन टाकून दिले, तर नमुन्यात शांत मुलंच उरतात, तेही चूक. म्हणून संशोधकांनी मुलांना आधी नकली मशीनमध्ये सराव द्यावा, मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसानं स्कॅनचा दर्जा ठरवावा, आणि विश्लेषण खराब स्कॅन धरून आणि वगळून असं दोनदा करावं.

डोक्याच्या आकाराचंही तसंच; मुलांची तुलना करताना तो फरक बाजूला काढावा लागतो. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यातून बारदानाचं वजन वजा करतात, तशी सरळ वजाबाकी इथे चालत नाही. भागाकारही नाही, कारण मोठ्या डोक्यात प्रत्येक भाग त्याच प्रमाणात मोठा नसतो. कवटीच्या आतलं आकारमान वय आणि लिंगासोबत रिग्रेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढणाऱ्या गणितात घालावं.

मग नमुन्याचा आकार. मेंदूच्या भागाचं आकारमान आणि लक्ष यांतला खरा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२ धरा. लक्षाच्या चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर निकाल किती जुळतो ते) ०.६ आणि आकारमानाची ०.९ असली, तर हाती ०.१५ च्या आसपासच येतो. तो ८० टक्के खात्रीनं पकडायला साधारण ३६० मुलं लागतात. ३० मुलांत मात्र सहसंबंध ०.३६ च्या वर गेल्याशिवाय पी (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं असा आकडा येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली, म्हणजे 'सिग्निफिकंट' मानण्याइतका, येतच नाही. म्हणजे तिथे 'सिग्निफिकंट' ठरलेला प्रत्येक आकडा दुपटीहून जास्त फुगलेला. त्यात मेंदूच्या पृष्ठभागाचे ६८ भाग एकेक करून तपासले, तर संबंध मुळीच नसतानाही सरासरी तीन-चार भाग 'सापडतात'. छोट्या अभ्यासाची मोठी बातमी वाचताना आधी मुलं किती होती ते बघा.

तुमच्या मुलासाठी आधी डोळे, कान आणि झोप तपासून घ्या. एडीएचडीचं निदान घरच्या आणि शाळेच्या, किमान सहा महिन्यांच्या वागण्यावरून होतं. वर्गशिक्षकांकडून लेखी निरीक्षण घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. फिट येणं, डोक्याला मार लागणं, अंगाच्या एका बाजूची ताकद कमी होणं असं काही असेल, तर एमआरआय डॉक्टर स्वतःच सांगतील.