नुसत्या बाभळी नव्हेत, हिवर आहेत ते

चौफुल्याला पुणे-सोलापूर रस्ता सोडून मोरगावच्या वाटेला लागलं की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य येतं. क्षेत्रफळ अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणून ते १९९७ साली जाहीर झालं ते चिंकाऱ्यांमुळे, त्यामुळे येणारा जो तो चिंकाराच शोधतो. दिसला तर फोटो, नाही दिसला तर "काय, नुसत्या बाभळी!" म्हणून गाडी वळवतात. माझं भांडण त्या 'नुसत्या बाभळीं'शी आहे, कारण त्यांतली बरीच झाडं हिवराची, म्हणजे बाभळीच्याच एका भाऊबंदाची असतात.

भाद्रपद-आश्विन हा हिवर ओळखायचा सगळ्यात सोपा काळ. शेंड्याकडे बघा. हिवराची फुलं फिकट, मलईच्या रंगाची. बारीक गोंडे मोठ्या फांदार तुऱ्यावर येतात आणि तुरे पानांच्या वर उठून दिसतात, त्यामुळे सपाट छत्रीसारखा माथा लांबूनच पांढुरका वाटतो. बाभळीचे गोंडे गर्द पिवळे, पानांच्या बगलेत दोन-चारच्या झुबक्यात. फुलं असताना या दोघांत गोंधळ व्हायचं कारणच नाही.

खरी परीक्षा फुलं नसताना. मग आधी खोड पाहायचं, पण बुंध्याशी नाही. म्हाताऱ्या हिवराचा बुंधा काळपट आणि खडबडीत होतो, तिथंच माणूस फसतो. नजर वर, मनगटाएवढ्या फांद्यांवर न्यायची. तिथली साल पिवळट-पांढरी असते, तिचे पातळ पापुद्रे सुटतात. बाभळीची साल काळी, उभ्या खोल भेगांची. 'पांढरी बाभूळ' हे हिवराचं दुसरं नाव त्या सालीवरूनच पडलं असावं. दारू गाळताना हीच साल घालायची जुनी रीत आहे, त्यामुळे एखाद्या माळावर सोललेला हिवर दिसला तर दोष किडीला देऊ नका.

आता काटे. अभयारण्यात पानही तोडायला मनाई आहे, तेव्हा भिंग घेऊन झाडाशीच उभं राहायचं. पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो त्या पेरावर बघा. हिवर आणि बाभूळ, दोघांचे काटे सरळ, जोडीनं, देठाच्या डाव्या-उजव्या अंगाला. ते उपपर्णांचे (देठाच्या बुडाशी जोडीनं येणाऱ्या इवल्या पानांचे) काटे झालेले असतात. त्यामुळे काटा हिवराला बाभळीपासून वेगळा करत नाही, खैरापासून मात्र करतो. खैराचे काटे देठाच्या किंचित खाली, आखूड आणि मांजराच्या नखासारखे वळलेले. बाभूळ टोचते, खैर सदरा धरून ठेवतो. खैराला गोंडेही नसतात, फुलांची लांबट कणसं असतात. जुन्या फांद्यांवर काटे विरळ होतात आणि शेरडांनी खुडलेल्या रोपट्यावर जास्त लांब येतात, म्हणून काट्याच्या लांबीवरून निवाडा करू नये.

पान मोजायला बसलात तर मुख्य दांड्यावरच्या उपदांड्या मोजा, त्यांच्यावरची बारीक पानं, म्हणजे पर्णिका नकोत. बाभळीला साधारण ३ ते ८ जोड्या, हिवराला ५ ते १२. आकडे एकमेकांवर चढतात, म्हणून एकाच पानावर भरवसा ठेवू नये, निरनिराळ्या फांद्यांवरची पाच-सहा पानं मोजावीत. वेडी बाभूळ मात्र इथं लगेच उघडी पडते: उपदांड्यांच्या एक-दोन, फार तर तीन जोड्या, आणि फुलांचं हिरवट-पिवळं कणीस. ती अमेरिकेतून आलेली पाहुणी, रस्त्याकडेला आणि पडीक शेतात माजलेली. माळावर लावायला हिवर सोडून तिचं कौतुक कुणी करत असेल तर मला ते पटत नाही.

फोटो काढून ॲपला विचारणाऱ्यांचा एक हट्ट असतो, अख्खं झाड चौकटीत बसवायचं. त्यातून 'बाभळीसारखं काहीतरी' एवढंच उत्तर मिळतं. चार फोटो लागतात: पेरावरचा काटा, शेजारी मापाला पेन धरून; पूर्ण पान, दांड्यावरच्या बारीक ग्रंथी दिसतील इतक्या जवळून; मनगटाएवढ्या फांदीची साल; आणि फूल किंवा शेंग. जुन्या पुस्तकांत ही झाडं 'अकेशिया' या शास्त्रीय गटाच्या नावाखाली सापडतील. हिवर आणि बाभूळ आता 'व्हॅचेलिया'त आहेत, खैर 'सेनेगॅलिया'त गेला.

 

शेंगांसाठी हिवाळा उलटल्यावर जावं. बाभळीची शेंग करडी, लवदार, दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यांची माळच. हिवराची अरुंद, चपटी, वाकडी, आवळलेली नाही. खैराची पातळ, तपकिरी, पट्टीसारखी. झाडाखालचा सडा मात्र पुरावा धरू नका: माळावर हिवर आणि बाभूळ खेटून उभे असतात आणि शेंगा एकमेकांत मिसळतात. फांदीवर लटकलेली शेंगच बघायची.